ऑनर्स अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्याची घडण

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांतून ‘ऑनर्स’ हा शब्द आता महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही जाऊन पोहोचला आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाची तरतूद आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. २०२३-२४ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे चौथे वर्ष २०२६-२७ हे होय आणि त्यानंतरच्या, संख्येने कितीतरी मोठ्या गटाचे २०२७-२८.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या गावी राहून शिकते, त्या घराच्या हिशेबी चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे खोलीभाडे, खानावळ आणि एस. टी.चा पास. त्याच्या बदल्यात काय मिळणार, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. ‘अधिक श्रेयांक’ हे त्याचे उत्तर कागदोपत्री बरोबर असले तरी पुरेसे नाही. ऑनर्स पद्धतीमुळे विद्यार्थ्याच्या ठायी कोणता पालट घडतो आणि तो नेमका कशाने घडतो, हे समजून घेण्यासाठी जेथे ही पद्धत शंभर वर्षे चालविली गेली अशा एका संस्थेचा अनुभव उपयोगी पडतो. ती संस्था म्हणजे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहराजवळ असलेले स्वार्थमोर कॉलेज. तिकडे वळण्यापूर्वी ऑनर्स या शब्दाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. कारण त्यात एक मराठी दुवाही आहे.

सन्मानाची यादी

पदवी परीक्षेत ‘पास’ आणि ‘ऑनर्स’ असा भेद करण्याची प्रथा इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत रुजली. ऑक्सफर्डने १८०० साली परीक्षांचे नवे नियम केले आणि त्यानंतर विशेष प्रावीण्य दाखविणाऱ्यांच्या श्रेणीवार याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले रॉबर्ट पील यांनी १८०८ साली अभिजात भाषा व गणित या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळविली, तेव्हा त्याचा मोठा गवगवा झाला होता. केंब्रिजमध्ये गणिताची ट्रायपॉस ही अशीच ऑनर्स परीक्षा. तिच्या पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’.

१८९९ साली हा मान जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुर्डी या लहानशा गावातून आलेला, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला हा विद्यार्थी ते यश मिळविणारा पहिला भारतीय ठरला. परीक्षेतील एक पदनाम नावाला जन्मभर चिकटून राहावे आणि ‘रँग्लर परांजपे’ हेच नाव घरोघरी रूढ व्हावे, असे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. परांजपे परत आले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रीही झाले.

परांजपे यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या पद्धतीच्या परीक्षेत ते पहिले आले, तिच्यावर खुद्द केंब्रिजमध्येच टीका सुरू झाली होती. क्रमांक मिळविण्यासाठी विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे शिकवणी लावीत. ठराविक साच्याची कूट उदाहरणे वेगाने सोडविण्याचा सराव हाच अभ्यास होऊन बसला होता. १८९८ साली चौथे रँग्लर ठरलेले विख्यात गणिती जी. एच. हार्डी हे पुढे या पद्धतीचे कडवे टीकाकार बनले. अखेर क्रमवार यादी प्रसिद्ध करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद करण्यात आली. या इतिहासातून एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, ऑनर्स ही मुळात एक यादी होती. कोण पुढे आहे हे ती सांगे. पुढे येताना त्या विद्यार्थ्याच्या विचारशक्तीचे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती. आपल्याकडील गुणवत्ता याद्यांशी परिचित असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आयडलॉट यांचा प्रयोग

यादीकडून अभ्यासपद्धतीकडे हा शब्द ज्यांनी वळविला, त्यांत फ्रँक आयडलॉट यांचे नाव अग्रभागी आहे. १८८० साली इंडियाना राज्यातील सलिव्हन या गावी त्यांचा जन्म झाला. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून १९०५ साली ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेले. तेथे त्यांच्या मनावर ठसली ती एक साधी गोष्ट. व्याख्यानांना हजर राहणे हा तेथे अभ्यासाचा केंद्रबिंदू नव्हता. विद्यार्थ्याने आठवडाभर स्वतः वाचावे, निबंध लिहावा, तो शिक्षकासमोर वाचून दाखवावा आणि त्यावरील प्रश्नांना तोंड द्यावे, हा तेथील शिक्षणाचा कणा होता.

मायदेशी परतल्यावर इंडियाना विद्यापीठात व नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी इंग्रजी शिकविले. १९२१ साली ते स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले. क्वेकर पंथीयांनी १८६४ साली स्थापन केलेले हे कॉलेज प्रारंभापासून मुलामुलींना एकत्र शिक्षण देत आले होते. आयडलॉट आले तेव्हा तेथे सुमारे पाचशे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाहून ते मोठे नव्हते. १९२२ साली तेथे ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या या आणि इतर महाविद्यालयांतील अशा प्रयत्नांचा आढावा त्यांनी १९४४ साली ‘ब्रेकिंग द अॅकॅडेमिक लॉक स्टेप’ या ग्रंथात घेतला. ‘लॉक स्टेप’ म्हणजे पुढच्याच्या पावलामागोमाग पाऊल टाकीत चालणारी, कोणालाही पुढे जाऊ न देणारी आणि कोणालाही थांबू न देणारी रांग. वर्गातील अध्यापन या रांगेसारखे झाले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. सर्वांना समान संधी द्यावयाची म्हणजे सर्वांना एकाच गतीने चालवावयाचे, हा लोकशाहीचा चुकीचा अर्थ होय, अशी त्यांची भूमिका होती.

आठवड्याच्या दोन बैठका

या अभ्यासक्रमाची मूळ रचना अशी. पहिली दोन वर्षे विद्यार्थी इतरांप्रमाणेच वर्गात शिकत. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी ज्यांची ऑनर्ससाठी निवड होई, त्यांचे नेहमीचे वर्ग बंद होत. व्याख्यानांना जाण्याची सक्ती नसे. घटक चाचण्या नसत, सत्रान्त परीक्षा नसत, गुणही दिले जात नसत. एका सत्रात दोन विषय, आणि प्रत्येक विषयाची आठवड्यातून एक बैठक. या बैठकीला तेथे ‘सेमिनार’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे व्यासपीठ, उद्घाटन, हारतुरे आणि प्रमाणपत्रे यांच्याशी जोडला गेला आहे. तेथील अर्थ निराळा आहे. पाच-सात विद्यार्थी, एक वा दोन शिक्षक, एक टेबल, आणि तीन-चार तासांचे बोलणे, इतकेच त्याचे स्वरूप. प्रारंभीच्या काळात या बैठका पुष्कळदा शिक्षकांच्या घरीच भरत.

बैठकीपूर्वी विद्यार्थ्यांनी नेमून दिलेल्या प्रश्नांवर टिपणे लिहावयाची, ती इतरांनी वाचून यावयाचे आणि मग त्यावर चर्चा करावयाची, हा परिपाठ. वरवर पाहता यात क्रांतिकारक असे काही नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने बारा-चौदा वर्षे शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले वहीत उतरविले आहे, त्याच्या दृष्टीने ही पहिली बैठक कठीण जाते. त्याला नेमलेले वाचन एका पुस्तकाचे नसते. दोन ग्रंथकार एकाच घटनेविषयी परस्परविरुद्ध लिहितात आणि खरे कोणते हे सांगायला शिक्षक तयार नसतो. तो उलट विचारतो, ‘तुम्हांला यांपैकी कोणाचे पटते आणि का?’ वाचून न येणारा विद्यार्थी मोठ्या वर्गात मागच्या बाकावर दडू शकतो. सात जणांच्या टेबलाशी मागचा बाक नसतो. शिवाय आपले टिपण सहाध्यायांनी वाचलेले असते. शिक्षकाने लाल शाईने चूक दाखविणे आणि आपल्याच वयाच्या मुलीने शांतपणे ‘हे विधान कशावरून केलेस?’ असे विचारणे, या दोहोंत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारातून जो उमेदवारीचा धडा मिळतो, तो सहसा विसरला जात नाही.

या रचनेचा एक पैलू विशेष उल्लेखनीय आहे. आरंभी येथील अभ्यास एकेका विषयाच्या कुंपणात कोंडलेला नव्हता. साहित्याचा विद्यार्थी त्याच काळाचा इतिहास व तत्त्वज्ञान वाची. अर्थशास्त्राच्या जोडीला राज्यशास्त्र आणि इतिहास असे. विषय कमी, परंतु परस्परांना लागून असलेले, हे त्यामागील सूत्र होते.

समोर बसलेला परीक्षक

दोन वर्षांच्या अखेरीस एकदाच परीक्षा होई आणि ती शिकविणारा शिक्षक घेत नसे. प्रत्येक विषयासाठी अन्य विद्यापीठांतील प्राध्यापकांना पाचारण केले जाई. प्रश्नपत्रिका तेच काढीत, उत्तरपत्रिका तेच तपासीत आणि त्यानंतर प्रत्यक्ष कॉलेजात येऊन प्रत्येक विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेत. ऑनर्स द्यावयाचे की नाही, आणि दिल्यास साधे, उच्च की सर्वोच्च, याचा निर्णयही याच बाहेरच्या परीक्षकांचा असे. तपशील बदलले तरी बाह्य परीक्षकांची ही प्रथा तेथे आजतागायत चालू आहे.

बाहेरचा परीक्षक ही भारतीय विद्यापीठांना नवलाई नव्हे, असे येथे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली तीच मुळी परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. शिकविणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. मग तिच्यातून पाठांतर का वाढले आणि स्वार्थमोरमध्ये स्वतंत्र विचार का वाढला?

याचे उत्तर परीक्षकाच्या बसण्याच्या जागेत आहे. आपल्याकडील बाहेरचा परीक्षक विद्यार्थ्याला कधी दिसत नाही. तो कुठल्याशा मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासमोर बसलेला असतो आणि विद्यार्थी त्याच्या लेखी आसन क्रमांक असतो. अनोळखी परीक्षकाला रुचेल असे सुरक्षित, सर्वमान्य उत्तर लिहावे, ही विद्यार्थ्याची स्वाभाविक प्रवृत्ती होते आणि अशी उत्तरे पुरविण्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका बाजारात येतात. स्वार्थमोरचा परीक्षक विद्यार्थ्याच्या समोरच्या खुर्चीवर बसतो. ‘तुम्ही तिसऱ्या प्रश्नात असे लिहिले आहे, त्याविरुद्ध अमुक पुरावा आहे, त्याचे काय?’ असे तो विचारू शकतो. पुस्तिकेतील उत्तराची येथे दुसऱ्या प्रश्नालाच शिवण उसवते. आणि जो विद्यार्थी ‘हे मला ठाऊक नाही, परंतु शोधावयाचे झाल्यास मी या मार्गाने जाईन’ असे म्हणू शकतो, त्याचे अज्ञानही त्याच्या बाजूने बोलते.

दुसरा परिणाम शिक्षकावर होतो. गुण देण्याचा अधिकार हातात नसल्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी हे एका बाजूला येतात. वर्षअखेरीस येणाऱ्या परक्या तज्ज्ञासमोर दोघांचीही परीक्षा असते. कारण विद्यार्थ्याच्या तयारीवरून शिक्षकाची तयारीही कळून येते. शिक्षकाची मर्जी सांभाळण्याचे कारण विद्यार्थ्याला उरत नाही. त्याचे म्हणणे खोडून काढण्याचे धैर्य त्याच्यात येऊ लागते. ऑनर्स पद्धतीने घडणाऱ्या बदलांपैकी हा बदल सर्वांत मोलाचा मानावा लागेल. नुसते विषय वाढवून किंवा वर्ष वाढवून तो घडत नाही.

डॉइल्सटाउनचा मुलगा

या पद्धतीतून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र सर्वपरिचित आहे. जेम्स मिचनर हा पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउन गावचा. आपले जन्मदाते कोण हे त्याला कधीच कळले नाही. मेबल मिचनर नावाच्या गरीब क्वेकर स्त्रीने त्याला वाढविले. अनाथ मुलांना घरात घेऊन, लोकांचे कपडे धुऊन-शिवून ती चरितार्थ चालवी. शाळकरी वयातच तो रस्त्यावरच्या वाहनांना हात करीत दूरदूर भटकून आला होता. चेंडूफळीच्या नव्हे, बास्केटबॉलच्या मैदानावर तो चमकला आणि शिष्यवृत्ती मिळवून १९२५ साली स्वार्थमोरमध्ये दाखल झाला. ऑनर्स अभ्यासक्रमाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. इंग्रजी व इतिहास हे विषय घेऊन १९२९ साली तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला.

त्यानंतरची त्याची वाटचाल सरळ नाही, आणि म्हणूनच ती बोधप्रद आहे. एका शाळेत शिक्षकी, मग पाठ्यवृत्तीवर युरोपात जाऊन स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अध्ययन, पुन्हा शाळेत शिक्षकी, मग कोलोरॅडोतील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात अध्यापन, एका प्रकाशनसंस्थेत पाठ्यपुस्तकांचे संपादन, आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाची नोकरी. पॅसिफिक महासागरातील बेटांवरील वास्तव्यातून त्याचे पहिले कथात्मक पुस्तक १९४७ साली आले, तेव्हा तो चाळिशीत पोहोचला होता. त्याला १९४८ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे हवाई बेटे, पश्चिम आशिया, कोलोरॅडो, चेसापीकचा उपसागर अशा एकेका प्रदेशावर त्याने जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. त्या लिहिण्याची त्याची रीत ठरलेली होती. त्या प्रदेशात जाऊन राहावे, तेथील भूगर्भापासून इतिहासापर्यंत शेकड्यांनी पुस्तके वाचावी, स्थानिक जाणकारांशी बोलावे आणि मगच लेखणी उचलावी. समीक्षकांनी या कादंबऱ्यांच्या वाङ्मयीन मूल्याविषयी हात राखूनच लिहिले आहे. परंतु अपरिचित विषय स्वतःच्या बळावर आरपार वाचून काढण्याची ही सवय विद्यार्थिदशेतील त्या दोन वर्षांशी जुळणारी आहे, हे मान्य करावे लागते. मिचनरच्या यशाचे सर्व श्रेय एका अभ्यासक्रमाच्या पदरात टाकणे मात्र योग्य होणार नाही. मेबलबाईंच्या घरातील पुस्तकांच्या वाचनाचाही त्यात वाटा आहे. स्वतः मिचनर यांची भावना त्यांच्या कृतीत दिसते. त्यांनी हयातीत कॉलेजला मोठ्या देणग्या दिल्या आणि १९९७ साली ते निवर्तले तेव्हा आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग व पुस्तकांचे हक्क याच कॉलेजच्या नावे करून ठेवले होते.

विज्ञान शाखेतही असे घडले. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक १९७५ साली मिळविणारे डेव्हिड बाल्टिमोर हे स्वार्थमोरचे १९६० सालचे पदवीधर. जीवशास्त्र घेऊन ते आले होते, परंतु स्वतंत्र संशोधन-प्रबंध करता यावा म्हणून त्यांनी रसायनशास्त्राकडे मोर्चा वळविला. पदवीपूर्व वयात विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय बदलावा, हे तेथील वातावरणाचे द्योतक आहे.

घडण म्हणजे काय

विद्यार्थी ‘घडला’ असे आपण सहज म्हणतो, पण त्याचा अर्थ सैल राहतो. त्याला नेमकेपणा आणण्याचे काम हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम पेरी यांनी केले. १९५० व १९६० च्या दशकांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या दरवर्षी, चारही वर्षे, मोकळ्या मुलाखती घेतल्या आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा अभ्यास ऑनर्स विद्यार्थ्यांपुरता नव्हता, तरी प्रस्तुत विषयाला तो लागू पडतो. पेरी यांनी विद्यार्थ्याच्या विचारप्रवासात नऊ टप्पे कल्पिले. त्यांचे सार असे की, आरंभी विद्यार्थ्याला वाटते, प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते आणि ते शिक्षकाजवळ असते. पुढे तज्ज्ञांतही मतभेद असतात हे कळल्यावर तो दुसऱ्या टोकाला जातो. ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणून मोकळा होतो. पुष्कळांचा प्रवास येथेच थांबतो. याच्या पलीकडे जाणाऱ्याला उमगते की, सगळी मते सारख्या किमतीची नसतात, पुराव्याने व युक्तिवादाने त्यांचे वजन करता येते. आणि शेवटी, पूर्ण खात्री नसतानाही विचारपूर्वक एक बाजू पत्करून तिची जबाबदारी घेण्याची तयारी त्याच्यात येते. पेरी यांचे विद्यार्थी बहुतांशी सुस्थितीतील तरुण पुरुष होते, हा आक्षेप नंतर घेतला गेला. १९८६ साली मेरी बेलेन्की व त्यांच्या सहकारी संशोधिकांनी स्त्रियांच्या ज्ञानप्रक्रियेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध करून ती बाजू पुढे आणली. ज्यांना आजवर कोणी बोलूच दिलेले नाही, त्यांना स्वतःचा आवाज सापडणे हाच पहिला टप्पा असतो, हे त्यांनी दाखविले. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील मुलींच्या संदर्भात ही दुरुस्ती मूळ सिद्धान्तापेक्षाही अधिक जवळची वाटते.

या कसोटीवर पाहता, एकच पाठ्यपुस्तक व एकच आदर्श उत्तर देणारी पद्धत विद्यार्थ्याला पहिल्या टप्प्यावरच ठेवते, मग ती तीन वर्षांची असो वा चार.

अडचणी

स्वार्थमोरचा अनुभव सर्वस्वी गोड नाही. सात विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा व्यवहार महागडा आहे. आयडलॉट यांना त्यासाठी बाहेरून मोठा निधी उभारावा लागला. ऑनर्सचे विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी अशा दोन जाती कॉलेजात निर्माण होतात, ही तक्रारही जुनी आहे. कालांतराने विद्यार्थीच या अभ्यासक्रमापासून दूर जाऊ लागले. दोन्ही वर्षे त्यातच गुंतून पडत, इतर विषयांना जागा उरत नसे. शेवटी रचना सैल करण्यात आली. १९९६ नंतरच्या योजनेनुसार विद्यार्थी चार परीक्षांची तयारी करतो, तीन मुख्य विषयातील व एक दुय्यम विषयातील, आणि उरलेल्या वेळात नेहमीचे विषय घेऊ शकतो. संस्थेने सगळे बदलले, परंतु लहान बैठक व बाहेरचा परीक्षक या दोन गोष्टी सोडल्या नाहीत, हे लक्षणीय आहे.

हजारो विद्यार्थ्यांच्या सरकारी विद्यापीठांत हे कसे जमावे, याचा विचार कोलोरॅडो विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसेफ कोहेन यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १९५७ साली एक आंतरविद्यापीठीय समिती स्थापन झाली आणि १९६५ पर्यंत तिने देशभर ऑनर्स अभ्यासक्रमांचा प्रसार केला. मोठ्या विद्यापीठांना स्वार्थमोरची हुबेहूब नक्कल परवडली नाही. त्यांनी पहिल्या वर्षापासूनच मोजके लहान वर्ग, थोडी मोकळीक आणि अखेरीस प्रबंध असा मध्यम मार्ग काढला. काही ठिकाणी तो यशस्वी झाला. काही ठिकाणी ऑनर्स म्हणजे हुशार मुलांना आकर्षित करण्याची जाहिरात एवढाच त्याचा अर्थ उरला.

महाराष्ट्रातील चौथे वर्ष

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्याला १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करावा लागतो. इतर ऑनर्स विद्यार्थ्यांनी त्याऐवजी अधिक विषय घ्यावयाचे असतात.

येथे दोन शंका उपस्थित होतात. पुस्तिकेच्या आधारे सहा सत्रांत ७५ टक्के मिळविणारा विद्यार्थी संशोधनाला लायक आणि स्वतंत्रपणे वाचणारा, परंतु ६८ टक्क्यांवर राहिलेला विद्यार्थी नालायक, हा निवाडा कितपत न्याय्य ठरेल? आणि प्रकल्पाऐवजी अधिक विषय घेणाऱ्याचे चौथे वर्ष हे तिसऱ्या वर्षाचीच पुनरावृत्ती ठरणार नाही, याची हमी कोणती? अशा विद्यार्थ्यांसाठी निदान एका विषयाची तरी आठवड्याची बैठक टेबलाभोवती भरविणे कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य नाही. ग्रामीण महाविद्यालयांत चौथ्या वर्षाला राहणाऱ्यांची संख्या लहानच असणार. इतर बाबतींत उणीव ठरणारी ही गोष्ट येथे मात्र पथ्यावर पडणारी आहे.

पुस्तकांची अडचण खरी आहे, पण अभेद्य नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावी शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. त्यांतील पुष्कळांचे कपाट सायंकाळी दोन तास उघडते आणि वृत्तपत्रे चाळण्यापुरतीच वर्दळ असते. चौथ्या वर्षाच्या तीन-चार विद्यार्थ्यांसाठी तेथे एक टेबल, एक दिवा आणि जिल्हा ग्रंथालयातून मागविलेली दहा पुस्तके यांची सोय करणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे.

प्रकल्पाच्या विषयासाठी तर विद्यार्थ्याने लांब जाण्याचे कारणच नाही. ग्रामसभेची इतिवृत्ते, पाणीपट्टीची वसुली, जन्ममृत्यूच्या नोंदी, तलाठ्याकडील गाव नमुने ही सारी सामग्री गावातच आहे. सरपंच व सदस्यांनी ती अभ्यासासाठी खुली करून दिली, तर अर्थशास्त्राची एखादी विद्यार्थिनी कालवा येण्यापूर्वीची आणि नंतरची पिके गाव नमुना बाराच्या आधारे ताडून पाहू शकेल. शेजारच्या विद्यापीठातून आलेला परीक्षक तिच्यासमोर बसेल आणि विचारील की, पूर्वी पीकपाहणी तलाठी करीत असे, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून नोंद करतो. मग या दोन काळांतील आकडे एकाच तक्त्यात मांडणे तुम्हांला योग्य वाटते काय? वाटत असल्यास कोणत्या आधारावर, आणि वाटत नसल्यास तुम्ही गावातील किती गट प्रत्यक्ष फिरून पाहिले?